मागून घेतलेला ताप

आक्काच्या छातीतली गाठ परत आली, तेव्हा मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तिच्याशी बोललेच नाहीत. तिला बाहेर बाकावर बसवलं आणि दाजींना आत बोलावलं. दाजी फौजेत सुभेदार, सुट्टीवर आलेले. त्यांच्या मागोमाग मीही आत गेले. बाहेर आल्यावर दाजी एवढंच म्हणाले, "चला, घरी न्या म्हणत्यात. खायाप्यायला चांगलं घाला म्हणत्यात."

आक्का माझ्याकडं वळली. मी तिची धाकटी बहीण. साताऱ्यात शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं, म्हणून घरातल्या कुणाच्याही आजारपणाला सोबत मीच.

"तू सांग. तुला खोटं बोलता येत न्हाई."

मी सांगितलं. ऑपरेशन झालं, मशिनीखाली निजवून शेक देऊन झाले, आता त्यांच्याकडं करण्यासारखं काही उरलेलं नाही. आक्का रडली नाही, चिडली. "गाठ माझी, अन् मलाच भाईर बसवत्यात व्हय!"

शेकाच्या रांगेत तिला एका बाईनं सांगलीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांविषयी सांगितलं होतं. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते सुई टोचून मुद्दाम ताप आणतात आणि त्या तापानं गाठ ओसरते, म्हणे. उंब्रजच्या घरी हा विषय निघाला तेव्हा दाजी उसळले, "ताप उतरवणारा डॉक्टर ऐकलाय. ताप आणणारा कुठला?"

"मला सुईनं ताप यील, एवढंच ना? घरात निजून मी मरंन, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्र्याची पेटी घेऊन हमरस्त्यावर सांगलीच्या एस्टीची वाट बघत उभी राहिली. मी तिच्या शेजारी. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा होता, शाळेला सुट्टी लागली होती. त्या औषधावर माझा विश्वास नव्हता. आक्कावर होता.

डॉक्टरांनी मोठमोठ्या गोष्टी केल्या नाहीत. "काहींच्या गाठी तापात लहान होताना मी पाहिल्यात," ते म्हणाले. "पुष्कळांच्या नाही होत. आणि हृदयाला धोका असतो."

"द्या सुई," आक्का म्हणाली.

हळदीच्या पेठेमागं आम्ही एक खोली घेतली. खिडकीच्या फळीवर रोज पिवळी धूळ बसायची. सुई घेऊन आलो की थोड्या वेळानं आक्काला हुडहुडी भरायची. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आत मी तिच्यावर वाकळेवर वाकळ टाकतेय. तिच्या दातांचा आवाज दाराबाहेर जायचा, खाट हलायची. मग ताप चढायचा. डॉक्टरांची सक्त ताकीद होती : ताप फार वर गेला तर मला बोलवा, पण तोवर घड्या ठेवायच्या नाहीत, गोळी द्यायची नाही. ताप आला की मिठाच्या पाण्याची घडी कपाळावर ठेवायची, हे आम्ही आईकडून शिकलेलो. इथं मी हात मांडीत घेऊन बसायचे. हातांना काम नसणं इतकं जड असतं, हे तेव्हा कळलं.

"किती झाला?" ती विचारायची.

"एकशे तीन."

"चढू दे."

चढावर बैलाला चुचकारावं, तशी ती तापाला चुचकारायची.

देवीच्या साथीची धास्ती अजून लोकांच्या मनात होती. एका दुपारी घरमालकीण शेजारच्या दोघींना घेऊन दारात आली. "खोली खाली करा. सारखा ताप, सारखा ताप. आमच्या घरात लेकरं हायेत."

मी काहीतरी गुळमुळीत सांगू लागले, साधाच ताप आहे म्हणून. तेवढ्यात मागून आक्का आली. अंगावर वाकळ, डोळे लाल, एका हातानं चौकट धरलेली.

"कॅन्सर हाय मला."

आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. 'ते दुखणं' म्हणायचे, नाहीतर नुसतं छातीकडं बोट दाखवायचे. अंगणात पापड घालणाऱ्या बायांचे हात थांबले.

"देवी न्हाई, पटकी न्हाई. कॅन्सर. अन् ह्यो ताप मी मागून घेतलाय, सुई टोचून. कुणाला लागत न्हाई. हात लावून बघा."

"मागून कोण ताप घेतं, बाई?" घरमालकीण म्हणाली.

"मला जगायचंय, मी घेते."

घरमालकिणीनं हात लावला नाही. पण खोली सोडा असंही पुन्हा म्हणाली नाही. सुईच्या दिवशी ती लेकरांना भावाच्या घरी पाठवायची, आणि संध्याकाळी दारातूनच विचारायची, "उतरला का?"

आणि गाठ खरंच लहान झाली. आक्कानं माझा हात धरून तिथं नेला; आधी सुपारीसारखी टणक लागायची, ती आता मऊ आणि बारीक लागत होती. दाजींना कळलं तसे ते आले, तेही नेमके सुईच्या दिवशी. बायकोला तसं थरथरताना बघून त्यांनी टॉवेल भिजवला आणि तिच्या कपाळावर ठेवला. तिनं तो ओढून त्यांच्याच अंगावर फेकला. "आवं, मदत करायची तर थर्मामीटर धरा!" सुभेदारसाहेब थर्मामीटर घेऊन पेटीवर बसले आणि ताप उतरेपर्यंत उठले नाहीत.

ती आशा पावसाळ्यापर्यंत टिकली. शाळा उघडली होती, पण मी बिनपगारी रजा काढून थांबले होते. मग काखेत दुसरी गाठ आली. त्यानंतरच्या सुईचा ताप उतरेना. आक्का बरळू लागली, मला ओळखेना. मी डॉक्टरांची ताकीद बाजूला ठेवली, पाण्याचा सगळा हंडा तिच्यावर रिता केला, घरमालकिणीला तिच्याजवळ बसवलं आणि धावत डॉक्टरांना घेऊन आले. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, औषध थोडं वाढवून बघू.

"काखेतली गाठ त्यानं जाईल?" मी विचारलं. "तिच्यासमोर सांगा."

त्यांनी चष्मा काढला. "मला नाही वाटत."

"मग बास," आक्का म्हणाली. "मी सुरू केलं, मीच थांबवणार."

उंब्रजला परतल्यावर ती कोपऱ्यात निजली नाही. दुखायचं, फार दुखायचं. ते मी लपवणार नाही. पण अंगात बळ होतं तोवर ती उसाच्या बांधावर जाऊन बसायची आणि तोड जमिनीलगत झाली नाही की तोडकऱ्यांशी भांडायची. बघायला येणाऱ्यांना स्वतःच सांगायची, कॅन्सर आहे म्हणून, म्हणजे त्यांची कुजबुज थांबे. एकदा गल्लीतली एक बाई पदराआडून आपलीच गाठ तिला दाखवायला आली. आक्का तिच्यावर खेकसली, "माझ्यागत लपवून ठिवू नगंस. अन् सुईबिईच्या नादाला लागू नगंस. उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा." ती बाई खरंच दवाखान्यात गेली. तिची गाठ वेळेत निघाली. आजही ती बाई शेतात जाते.

आक्का उसाचा हंगाम संपता संपता गेली.

दहाव्याला नदीवर आमचे एक चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ह्या मास्तरणीनं सांगलीला नेऊन पोरीला तापानं जाळली."

"जाळली न्हाई," मी म्हणाले. "ती भांडली. तुमी तिला निजवून ठेवणार होता."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण दाजी मध्ये आले. "तात्या, बास. माझ्या बायकोनं ठरवलं, तिनं केलं. हिनं साथ दिली. आमी कुणी न्हाई दिली."

मग त्यांनी मला पुढं बोलावलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. बायकांनी पाणी सोडायचं नसतं, असं कुणीतरी मागून म्हणालं. मी पाणी सोडलं.