बिनआवाजाची गाडी

पोलिसाच्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. लोहा तालुक्यातलं हे एक मात्र अजून वेगळं उभं आहे. निवृत्तीला तीन वर्षं उरली असतानाची ही गोष्ट.

सकाळी ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. शेळ्या चारणारी एक बाई लोखंडी सापळ्यात सापडली होती. घोट्याचं हाड मोडलं होतं. मी जबाब घ्यायला गेलो, तेव्हा ती शुद्धीवर होती.

"रोज त्याच वाटंनं शेरडं नेते, साहेब. काल तिथं काई न्हवतं. चाकोरी मातर दोन-चारदा दिसली होती. आमची वस्ती वाटंलाच हाय, पण गाडीचा आवाज कधी आला न्हाई."

जागेवर गेलो. माळाच्या उतरणीला घाणेरीतून जाणारी पाऊलवाट, दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत इतकी अरुंद. तिच्यावर जवळजवळ उमटलेले दोन बारीक टायरांचे माग. पुढे झुडपाला रानडुकराचे केस आणि सुकलेलं रक्त. पंचनाम्याला गावातले दोन प्रतिष्ठित पंच बोलावले. त्यांतले एक निवृत्त गुरुजी. काठी टेकत आले, सही केली आणि "काय दिवस आले" म्हणून हळहळले.

शिकार म्हटलं की आमच्याकडे एक ठरलेलं वळण असे. गावाबाहेरच्या पालातला एक माणूस उचलून आणला. पुरावा काही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याला ठाण्यात जमिनीवर बसवलं. हवालदारांनी आवाज चढवला, मीही त्यांना थांबवलं नाही. तो एकच सांगत राहिला, "मी न्हाई, साहेब." दुपारी तीनला तो म्हणाला, "सापळा तरी दावा की."

मुद्देमाल त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला.

"लई जड हाय. असली दोन-चार धुडं अन् वागुर, डुकराची जाळी, घेऊन माळ चढायचा म्हणजे कंबर मोडंल. आमी न्हेलंच तर खांद्यावर मावंल तेवढंच न्हेतो. ज्याला चालवत न्हाई, त्याला गाडी लागते. अन् ह्यो जोड बघा, नवा हाय. कारागिराचा हात हाय."

पाच तास आम्ही त्याला प्रश्न विचारत होतो. कामाचं एकच वाक्य मिळालं, तेही आम्ही न विचारता.

त्याला सोडलं आणि सापळा घेऊन निघालो. तालुक्याच्या गावात वेल्डिंगची चार-पाच दुकानं. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी सापळा बघताच ओळखला. हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवून म्हणाले, "जोड माझाच आहे, साहेब. वडिलांच्या काळचा आहे, भिंतीवर टांगायचा, असं म्हणाले ते. गाडी बी मीच बनवली. मोडीतल्या बॅटरीच्या स्कूटीची मोटार बसवली. जरा ढकललं की स्वतःच ओढते. ठिबकचे पाईप शेतात न्यायचेत म्हणाले. गुडघे गेलेत ना गुरुजींचे."

गुरुजींच्या शेतातल्या खोलीत गाडी सापडली. कमरेएवढी उंच, हातभर रुंद. तिच्यावर वागुर आणि आणखी तीन सापळे.

ठाण्यात आल्यावर हवालदारांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते खटकलं, पण खुर्ची तशीच राहू दिली.

पहिला तासभर गुरुजी नाकारत राहिले. डुकरांनी भुईमूग उकरला म्हणून जाळी नुसती आणून ठेवली, म्हणाले. मी बाईच्या जबाबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यात तिचं माहेरचं नावही होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं.

"ही माझ्या वर्गात होती. चौथीपर्यंत." त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "कोणता पाय?"

"डावा."

मग ते आपणहून बोलू लागले. तरुणपणी शिकारीचा भारी नाद. गुडघे गेले आणि माळ सुटला. "गाडी आली अन् पाय परत मिळाल्यासारखं झालं, साहेब. ओझं ती नेई, मी नुसता तिला धरून चालायचो. भुईमुगाचं निमित्त होतं. मला त्या माळावर पुन्हा जायचं होतं." सापळा लावताना ती वाट कोणाच्या रोजच्या पायाखालची आहे, याचा विचार केलाच नाही, हेही त्यांनी कबूल केलं.

अटक झाली. शिकारीचा भाग वन विभागाकडे गेला, दुखापतीचं दोषारोपपत्र आम्ही पाठवलं. बाई पुढे चालू लागली, पण लंगडत. शेळ्या विकाव्या लागल्या.

माणूस गुन्हा करतो तेव्हा तो बहुधा हरवलेलं काहीतरी परत मिळवू बघत असतो, हे गुरुजींनी मला शिकवलं. दुसरी गोष्ट शिकायला मला पालावर जावं लागलं.

तपास संपल्यावर मी मुद्दाम तिथं गेलो. तो माणूस दोरी वळत बसला होता. मी म्हणालो, "तुझ्या सांगण्यावरनं माग लागला. स्टेशन डायरीत तशी नोंद केली आहे."

त्यानं वर पाहिलं. "अन् मला सकाळधरनं भुईवर बसवून ठिवलं, शिव्या दिल्या, ते लिवलंय का त्यात?"

ते लिहिलेलं नव्हतं. आज लिहितो आहे.