खडखड फक्त साहेबांनाच ऐकू येते

जीप माझ्या गॅरेजात चौथ्यांदा परत आली, तेव्हा तिच्याखालीच बिऱ्हाड करावं असं माझ्या मनात आलं. नाहीतरी सगळा दिवस तिथंच जात होता.

दुष्काळाचं वर्ष. जुना जिल्हा फोडून लातूर जिल्हा नुकताच झालेला. वाटणीत एका खात्याला ही थकलेली जीप मिळाली आणि जीपबरोबर ड्रायव्हर कांबळे. खात्याचं नाव सांगत नाही, मला याच गावात राहायचंय. पाण्याची टंचाई अशी, की मी रेडिएटरमध्ये तांब्या रिकामा करायला लागलो की रस्त्यावरची माणसं थांबायची. दोघांनी तर टोप्या काढल्या होत्या.

तक्रार एकच. साहेब बसले की पुढून खडखड. मी काय नाही बदललं? शॅकलचे बुश, म्हणजे स्प्रिंगचे पाटे लटकतात तिथलं रबर. सायलेन्सरचा क्लॅम्प. बॉनेटचे हूक. रेणापूर नाक्याच्या पुढं रोज ट्रायल. तिथल्या विहिरीवर कांबळे दोन घागरी भरून मागं ठेवायचा. ट्रायलला वजन पाहिजे म्हणायचा. जीप इतकी गप्प, की त्याच्या पोटातली भूक मला ऐकू यायची. संध्याकाळी शिपाई हजर : आवाज आहे तसाच.

शेवटी साहेब स्वतः आले.

"मिस्त्री, कान माझे खराब आहेत की तुमचे?"

मी म्हटलं, माझे तर घरचेही खराबच म्हणतात. ते हसले नाहीत. उद्या आवाज आला तर गाडी नादुरुस्त म्हणून जुन्या जिल्ह्याला परत, आणि गाडीबरोबर ड्रायव्हरही, असं सांगून गेले.

कांबळे टायरवरच बसला. त्याची बायको लातुरात नर्स. तो आठ वर्षं नोकरीपायी बाहेर. नवा जिल्हा झाला म्हणून दोघं पहिल्यांदा एका घरात राहत होते.

"आठ वर्सं एसटीनं संसार केला, मिस्त्री," तो म्हणाला. "आता कुटं घरात पाय टेकायलोय. कायतरी करा."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांबरोबरच गेलो. नांदेड रस्ता. चाळीसचा स्पीड आला आणि सुरू झालं. लग्नाची भांडी ट्रंकेत घालून गाढव पळवावं, तसं. गाडी थांबवली. मी मडगार्डवर पालथा पडलो आणि कांबळेला पुन्हा त्याच स्पीडनं चालवायला सांगितलं. तोंडात पाव किलो धूळ गेली. हात फिरवत फिरवत पुढच्या, जिल्ह्याचं नाव लिहिलेल्या पाटीवर आला. दाबली, आवाज बंद. सोडली, आवाज चालू.

नव्या जिल्ह्याच्या पाटीखाली जुन्या जिल्ह्याची पाटी होती. तिची नोंद रजिस्टरला. ती काढायला वरून आदेश लागतो. आदेश आला नाही, म्हणून पेंटरनं नवी पाटी तिच्यावरच ठोकलेली. स्क्रू ढिले. दोन्ही पत्रे एकमेकांवर आपटत होते.

मग ट्रायलला ही पाटी गप्प का? मी कांबळेकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ट्रायलला निघताना रोज तो पाटीवर पोतं आवळून बांधायचा. मला वाटायचं, धुळीसाठी.

साहेब झाडाखाली गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सरकारची पाटी उघडी ठिऊन घरचं पानी कसं आनावं, मिस्त्री? लोक बघतेत."

म्हणजे माझी ट्रायल ही त्याची पाण्याची खेप होती.

साहेब आले. त्यांनी विचारलंच : मग तुम्हाला चार दिवस आवाज का आला नाही? खरं सांगितलं तर कांबळे त्याच दिवशी सस्पेंड.

"साहेब," मी म्हटलं, "अधिकारी बसला की गाडीच्या पुढच्या अंगावर वेगळाच भार येतो. आम्ही साधी माणसं. आमच्यानं तेवढा येत नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. पटलं त्यांना. रिपोर्टात तसंच लिहून घेतलं.

दोन पाट्यांमध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. खडखड संपली, कांबळे लातुरातच राहिला. मी मात्र एक धडा घेतला. जुनी गाडी आली की पान्हा नंतर उचलायचा, आधी ड्रायव्हरला चहा पाजून बोलतं करायचं. हे तेव्हा कळलं असतं, तर ते चार दिवस मी नुसता झोपलो असतो.