बिनचुलीचे लाडू

तापीकाठच्या त्या गुजर घरात एक सोयीचा कायदा होता: पदार्थ जमला तर सासूचा, बिघडला तर सुनेचा. रेवाबाई सून होऊन आली तेव्हापासून या कायद्यात एकदाही दुरुस्ती झाली नव्हती. तिच्या पुरणपोळीला वाहवा मिळाली की सासूबाई अनुसयाबाई पदर सावरून म्हणत, "मंग, हात कोना शे?" आणि भाजीत मीठ जास्त पडलं की रेवाबाईच्या माहेराचा उद्धार अख्ख्या पंगतीला ऐकवला जाई. रेवाबाईला दागिने नको होते. आपल्या हाताचं एक तरी काही आपल्या नावानं ओळखलं जावं, एवढीच तिची हाव. पण तेवढीही त्या घराला परवडत नव्हती.

साठ सालच्या सुमारास सासरे सुकलाल आजारी पडले. डॉक्टरांनी ताकदीसाठी ओट आणि कोकोची पूड सांगितली. भाच्यानं मुंबईहून दोन्ही डबे धाडले. तेवढ्यात कोणा शहाण्यानं माहिती पुरवली की विलायतेत ओट घोड्यांना घालतात. "मी काय घोडं शे?" म्हणत सुकलालांनी डबे ढकलले, आणि भाकरी खाऊन बरे झाले. विलायती ताकद उतरंडीमागे जाऊन बसली.

मग श्रावणात शितळासातम आली. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. तिला सारवून, आत कपाशीचं रोप ठेवून पूजायचं आणि आदल्या दिवशी रांधलेलं खायचं. गोडधोड अनुसयाबाईंनी स्वतः कुलपात ठेवलं होतं, पण मुंग्यांना किल्ली लागत नाही. सगळं टाकावं लागलं, आणि नेमके त्याच दुपारी खापर गावाहून त्यांचे भाऊ छगनमामा आले. जेवणावर गोड नसलं तर बहिणीची माया आटली, असं मानणारा हा माणूस. अनुसयाबाई हातपाय गाळून बसल्या.

रेवाबाईनं उतरंडीमागचे डबे काढले. गूळ किसला, त्यात घरचं लोणी घातलं आणि परात घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, उन्हात ठेवली. दोन्ही सैल झाल्यावर कोको, कालच्या भाजक्या दाण्यांचा कूट आणि कोरे ओट कालवून झाकून ठेवले. ओट लोणी प्यायले आणि लाडू वळले गेले, काळे कुळकुळीत. मामांनी एक संशयानं चाखला आणि मग ताटच पुढे ओढलं.

"हाई कोनी बनाडं?"

"मी," अनुसयाबाई म्हणाल्या. श्वाससुद्धा मध्ये आला नाही.

झालं. भाचा डबे धाडत राहिला, दर सातमीला रेवाबाई दार लोटून लाडू वळत राहिली, आणि गावभर 'अनुसयाबाईचे लाडू' प्रसिद्ध होत गेले. हात धुऊन बाहेर येईपर्यंत रेवाबाईच्या वाट्याला रिकामी परात उरे. ती घासण्याचा मान मात्र कोणी हिरावून घेतला नाही.

अशी काही वर्षं गेली. मामांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, तेही सातमीलाच. मामांनी बहिणीला लाडवांसाठी आवतण दिलं. अनुसयाबाईंनी निघताना सुनेकडून कृती विचारून घेतली, पण ऐकून घेतली नाही.

"ओट शिजाडू नका, माय," रेवाबाईनं दोनदा बजावलं.

"माले शिकाडू नको. सातमनं खाणं आदल्या दिवशीच शिजाडतस."

धर्म मोडून कसं चालेल? अनुसयाबाईंनी आदल्या दिवशी खापरला ओट रटरटून शिजवले. सकाळपर्यंत त्यांची खळ झाली. तिच्यात गूळ, लोणी, कोको घातल्यावर जे झालं, त्यानं भिंतीला कागद चिकटवता आले असते. पाहुण्यांनी बोटं लावली आणि पाणी मागितलं. मामा एवढंच म्हणाले, "अनुसया, तुन्हा हात कोठे गया?"

ही बातमी गावात त्यांच्या आधी पोचली. अनुसयाबाई गल्लीत शिरल्या तेव्हा ओट्याओट्यांवर बायका वाटच बघत होत्या. एकीनं लाडवांचं विचारलं. अनुसयाबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोलल्या.

"ते लाडू रेवानाच शेतस. पहिलापासूनच. मन्हं काम नुसतं पंगतमा वाटानं."

रेवाबाई अंगण सारवत होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हे नाव तिला कशासाठी बहाल होतंय, ते तिला पुरतं कळलं होतं. राग यायला हवा होता. पण आनंदच झाला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. ती शेणाच्या हातांनी उभी राहिली.

"हा, मन्हाच शेतस," ती म्हणाली, शेवटच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.