संत्र्यानं घासलेली फरशी

माझ्या सासूबाईंना, रुख्माबाईंना, एका जागी निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तळेगावला होत्या तोवर ते शोभूनही दिसायचं. मातीचं घर, शेणानं सारवायचं, पोपडे निघाले की खरडून पुन्हा लिंपायचं. दिवस कसा सरायचा ते कळायचं नाही. मग सासरे गेले, शेत भाच्यानं, बंडूजीनं, कसायला घेतलं आणि माझ्या नवऱ्यानं, सचिननं, आईला पुलगावच्या आमच्या नव्या घरी आणलं.

इथं हॉलभर पांढरा संगमरवर. हौस सचिनची, निस्तरायचं मी. चहाचा थेंब पडला की लगेच टिपायचा, पुसायचं साध्या पाण्यानं, ॲसिड नको, लिंबू नको. एवढे लाड माझ्या लेकरांचेसुद्धा झाले नाहीत.

त्यात सासूबाईंचे हात रिकामे. उठल्यापासून हॉलमध्ये येरझाऱ्या. दारापर्यंत जायचं, खिडकीपर्यंत यायचं, पुन्हा दार. चपला जुळवून ठेवायच्या, जरा वेळानं त्याच चपला पुन्हा जुळवायच्या. पाहून पाहून मलाच धाप लागायची.

"आई, बसा नं जरा."

"कुठं बसू वं? या फरशीवर पाय ठेवाचं बी भेव वाटते. दुसऱ्याच्या घरी आल्यावानी वाटते मले."

हे ऐकलं की वाईटही वाटायचं आणि रागही यायचा. घर काय मी एकटीनं बांधलं होतं?

त्या हिवाळ्यात बंडूजीनं बागेची संत्री पाठवली. वरची गोड, तळाची बारकी आणि आंबट. मी बाजारातून आले तर सासूबाई पदर खोचून हॉलच्या मधोमध उकिडव्या बसलेल्या, बाजूला अर्धी कापलेली संत्री. तळेगावला पाणी भरायचे पितळेचे गुंड त्या अशाच आंबट संत्र्यानं घासायच्या. सोन्यासारखे निघायचे. पितळेला चालतं ते दगडाला का चालू नये, असं त्यांना वाटलं असणार.

"जया, पाह्य वं, आता कशी चमकते ते!" किती दिवसांनी त्या हसत होत्या.

मी पिशवी तिथंच टाकली. रस वाळत गेला तसे फरशीवर पांढुरके, निस्तेज पट्टे उमटू लागले. रस चिकटून राहिला असं समजून त्यांनी दुसरं संत्रं उचललं आणि अजून जोरानं घासायला लागल्या.

"काऊन निघून नाई राह्यलं हे?"

शेवटी मी त्यांचं मनगट धरलं. "आई, डाग वर नाई बसला. आंबटानं दगडच खाल्ला." त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

संध्याकाळी सचिन आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो फार मायेनं बोलला, "आई, तू आता काईच करू नको. फक्त बसून राह्य." दुसरी कोणतीही शिक्षा त्यांनी सोसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी त्यांची पिशवी भरून ठेवलेली. "मी जातो तळेगावले. दुपारच्या आर्वीच्या बसनं निंगतो, तिथून दुसरी धरतो. तिथं मातीचं हाये, माह्या हातानं खराब नाई होत."

तिकडे बंद घर, आणि यांना अधूनमधून चक्कर येते. एकट्या पडल्या तर पाणी द्यायला कोण? मी विनवलं, चिडले, सचिनला फोन केला. तो म्हणाला, तू समजव. जणू तेवढंच करायचं राहिलं होतं!

तेवढ्यात सचिननं सांगितलेला पॉलिशवाला मशीन घेऊन आला. पाणी ओतून त्यानं घासायला सुरुवात केली. सासूबाई दाराशी खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. उठल्या, बसल्या, पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"पॉलिश मारून राह्यला का?" न राहवून त्यांनी विचारलं.

"नाई आजी. आधी वरचा थर घासून काढा लागते, मंग पॉलिश."

"म्हंजे पोपडे खरडतेत तसं?"

"तसंच समजा."

त्यानं मशीन थांबवलं. हॉलभर दगडाचा पांढरा, पातळ चिखल पसरला होता. सासूबाई त्याकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवरून उतरल्या, पदर खोचला, उकिडव्या बसल्या आणि तळहात त्या चिखलात टेकवला. सारवताना फिरतो तसा हात फिरला, अर्धगोल उमटला. एक पाऊल मागे, दुसरा अर्धगोल.

"आजी, ते ओढून बाहेर काढाचं असते," पॉलिशवाला म्हणाला.

"मंग ओढतो नं! हातानं साजरं निंगते."

भिंतीपासून दारापर्यंत त्या मागे मागे सरकत आल्या. तो घासायचा, या ओढायच्या. कोपरापर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. दाराशी आल्यावर त्यांची पाठ पिशवीला लागली. त्यांनी ती न बघताच बाजूला सारली.

"बस गेली असन."

"केव्हाचीच गेली."

"मंग उभी काऊन हायेस? साधं पाणी आण. अन् चपला बाहेर काढून येजो, फरशी ओली हाये माही."