पहिल्या नंबरचं दुकान

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका झेरॉक्सवाल्यानं मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर टाकून इंटरनेट सुरू केलं होतं. नव्व्याण्णव साल असेल. तिथं कॉलेजची पोरं बसायची आणि त्यांच्यात मी, शाळेतली बाई, शाळा सुटल्यावर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन. हौस नव्हती मला. सांगलीहून धाकट्या भावाचा फोन यायचा, "आक्का, जाऊन बघ की गं. आज कितवा हाय मी?"

कितवा म्हणजे काय ते सांगते. सांगलीत आमची हळदीची अडत. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उभा जन्म त्या पिवळ्या धुरळ्यात काढला. भाऊ पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला तो डोक्यात खूळ घेऊनच. इंटरनेटवर दुकान काढायचं आणि हळद थेट परदेशातल्या घरात विकायची. त्यासाठी त्यानं एक नाव विकत घेतलं. एका शब्दाचं, पोरासोरांच्याही तोंडात बसेल असं इंग्रजी नाव आणि पुढं डॉट कॉम. कुणा गोऱ्यानं ते आधीच अडवून ठेवलेलं, त्याच्याकडून सोडवून घेतलं. मोटारसायकलसाठी साठवलेले पैसे त्यातच गेले. नाव इथं लिहीत नाही, आता ते भलत्याच कुणाचं तरी आहे.

"आवं आण्णा, नाव म्हंजे चौकातलं दुकान," तो सांगायचा. "चौकात दुकान आसल्यावर गिऱ्हाईक हुडकत फिरावं लागतंय व्हय?"

आण्णा तंबाखू मळत म्हणायचे, "नाव मोठं आन लक्षण खोटं, तसलं होऊ दे नको म्हंजे झालं."

आणि झालं तसंच. दुकान चौकात होतं, पण चौक कुठाय हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. हळदीचा इंग्रजी शब्द टाकून शोधलं की याद्या निघायच्या, पानंच्या पानं, आणि भावाचं एवढं मोलाचं नाव कुठं तरी खाली, साध्यासुध्या नावांच्या दुकानांच्याही मागं. त्याचा जीव नुसता तळमळायचा. त्याला वाटायचं, सांगलीतून एक दिसतं, साताऱ्यातून वेगळं दिसत असेल. म्हणून मला पिटाळायचा. मीही जायची. एकुलता एक भाऊ, दुसरं काय!

मग त्याला कुणी तरी एक युक्ती सांगितली. त्याच्या दुकानाच्या पानाचा रंग पिवळा होता. त्या पिवळ्यावर पिवळ्याच अक्षरांत त्यानं हळद, हळद, हळद असं तळापर्यंत लिहून काढलं. बघणाऱ्याला काही दिसायचं नाही. "मशीनला रंग कळत न्हाई आक्का, शब्द कळत्यात," म्हणाला. मी म्हटलं, "अरे मेल्या, ही लबाडी झाली." तो हसला. आणि खरंच, पंधरवड्यात तो पहिल्या पानावर आला. त्यानं अडतीवरच्या हमालांना पेढे वाटले. पुढच्या महिन्यात मी बघायला गेले तर तो कुठंच नाही. शेवटच्या पानापर्यंत गेले, डोळे दुखायला लागले. शोधणाऱ्या कंपनीनं ती लबाडी पकडून त्याचं नावच यादीतून उडवलं होतं.

फोनवर त्याला सांगितलं तर आधी विचारलं, शेवटच्या पानापर्यंत बघितलंस का? मग म्हणाला, "आक्का, आता खरं लिव्हायचं. तू इंग्रजी शिकवतीस, तू लिव्ह."

लिहिलं मी. एका रविवारी सांगलीला जाऊन त्याच्या शेजारी बसून लिहिलं. काय लिहिलं, तर पेवाबद्दल. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं खणलेली आहेत. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट हे मोठं. हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षं गेली तरी कीड लागत नाही. आमचंही एक पेव तिथं होतं. भावानं पानावर शब्दच दिला, आम्ही विकतो ती हळद बाजारातली नाही, पेवातली. "हे आपल्याबिगर कुणाला लिव्हताच यायचं न्हाई," म्हणाला. पिवळ्यावरचं पिवळं सगळं पुसलं, यादीत पुन्हा घ्या म्हणून अर्ज केला आणि वाट बघत बसला.

तो महिना दीड महिना घरात नुसती धुसफूस. अडतीवर सौद्याला पोरगा नाही, टेलिफोनचं बिल वाढलेलं, आणि भाऊ खोलीत त्या डब्यासमोर. गणपतीत मी माहेरी गेले तेव्हा आण्णांचा तोल सुटला. जेवता जेवता पानावरून उठले. "पी हळद आन हो गोरी, आसलं न्हाई मी म्हणत! पर किती दिवस? दसऱ्याच्या आत तुज्या त्या नावावर एक पोतं जरी गिऱ्हाइकाला गेलं, तर हरिपूरचं पेव तुजं. तू आन तुजं दुकान, मी तोंडातनं शब्द काढणार न्हाई. न्हाई गेलं तर ते खोकं इकायचं आन अडतीवर माज्या शेजारी बसायचं."

"शब्द?" भावानं विचारलं.

"शब्द," आण्णा म्हणाले.

आण्णांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे आख्ख्या मार्केट यार्डाला माहीत. भावालाही. तो अडतीला भीत नव्हता हो, पण तिथं बसला असता तर जन्मभर लोक म्हणाले असते, अमक्याचं पोरगं पुण्याला जाऊन आलं आणि शेवटी तागडीशीच बसलं. ते त्याला सोसणारं नव्हतं. मला कळत होतं ते.

नवरात्रात नाव यादीत परत आलं आणि वर सरकायला लागलं. तिसरं पान, दुसरं, मग पहिल्यावर खाली. मी रोज जायला लागले. झेरॉक्सवाला म्हणायचा, "मॅडम, शेअर बाजारात पैसे लावलेत काय?"

खंडेनवमीच्या सकाळी फोन वाजला. भाऊ ओरडतच होता. "आक्का! पैला! पैला नंबर! आन ऑर्डर आलीया, विलायतेतल्या एका बाईची, एक पोतं! मसाल्याचं दुकान हाय तिचं. पेवातलीच पायजे म्हणतीया!" मी आनंदानं रडले, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "आण्णांना सांगितलंस?" तर म्हणाला, "पोतं पार्सलला लागल्यावर सांगतो. पावतीच पुढं ठिवतो. उद्या दसरा, सगळं बंद. आजच गेलं पायजे."

मी म्हटलं, "जा बाबा, जा."

त्या दिवशी हत्यारांची पूजा. पेव उघडणारी माणसं ठरलेली असतात, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारी. त्यांच्या कुदळी, फावडी, दोर, सगळं धुऊन, हळदीकुंकू लावून देवापुढं मांडलेलं. भाऊ हरिपूरला त्यांच्या दारात गेला. त्यांतला म्हातारा म्हणाला, "मालक, पुजल्यालं हत्यार आज हालवत न्हाईत. परवा या. आन एका पोत्यासाठी पेव फोडत्यात व्हय? एकदा फोडलं की समदं उपसाय लागतंय." बाजारातनं एक पोतं उचलून पाठवलं असतं तर त्या बाईला काय कळणार होतं? पण भावानं पानावर लिहिलं होतं ना, पेवातली. लबाडी करून एकदा तोंड पोळलं होतं. त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी फावडं आणि दोर मागून आणला आणि एकटाच गेला.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आतली हवा विषारी झालेली असते. तोंड उघडं ठेवतात, तासन्‌तास, मग कंदील सोडून बघतात, विझला तर आणखी थांबतात. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भावालाही होतंच की! पण पार्सलचं ऑफिस संध्याकाळी बंद होणार, आणि दुसऱ्या दिवशी दसरा. थांबला असेल थोडा. किती थांबला ते कुणी पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत परतला नाही म्हणून माणसं गेली, आण्णांनी त्याला पेवातून बाहेर काढताना पाहिलं. मी साताऱ्याहून पोचले तेव्हा त्याला अंगणात ठेवला होता, केसांत, कानांत, नखांत हळद. लग्नाच्या हळदीला बसवल्यासारखा. आई तेवढंच म्हणत होती, "आंघोळ घाला रं त्याला, आंघोळ घाला." मी आण्णांवर ओरडले. सगळ्या गावासमोर ओरडले, "घ्या तुमचा शब्द!" विलायतेतल्या बाईच्या पोत्याची गोष्ट त्यांना तेव्हा माझ्याच तोंडून कळली.

सुतकात अडत बंद होती. फळीला कुलूप, दारावर कागद. सहाव्या की सातव्या दिवशी आण्णा माझ्याजवळ येऊन बसले. दाढी वाढलेली. म्हणाले, "पोरी, त्याचं ते दुकान बंद हाय का?"

मला आधी कळलंच नाही. मग मी भावाच्या खोलीत गेले. शब्द टाकला. यादी उघडली. सगळ्यात वर तो. आत गेले तर पान जसंच्या तसं, माझंच इंग्रजी, आणि खाली मोठ्या अक्षरात, ऑर्डर द्या, माल लगेच निघेल.

"चालूच हाय आण्णा."

"बंद कर. घरात सुतक आसताना दुकान उघडं ठिवत्यात व्हय?"

बंद करायला पासवर्ड लागतो. तो त्याच्या डोक्यात होता. पुण्याच्या त्याच्या मित्राला फोन केला, तो म्हणाला, दुकान ज्या कंपनीकडं ठेवलंय तिला पत्र लिहा, मृत्यूचा दाखला जोडा, महिने लागतील. मी येऊन आण्णांना सांगितलं, कुणालाच बंद करता येत नाही.

"आन त्या बाईला कळवलं का, माल यायचा न्हाई म्हणून?"

"तिचा पत्ता पण आतच हाय आण्णा, पासवर्डाच्या मागं."

आण्णा कितीतरी वेळ हाताची बोटं चोळत बसले. मग म्हणाले, "म्हंजे तिकडं लोकास्नी वाटत आसंल, पोरगं दुकानात बसलंय."

मी म्हटलं, "व्हय आण्णा."