भाडेकरूचे मत

रांजणगावला कारखाने आले तेव्हा आमच्या गावाने उसाच्या कडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या. विटांच्या भिंती, वर पत्रा, एका ओळीत. माझ्याही आहेत. त्यांतला सर्वांत जुना भाडेकरू बिहारचा, एका कारखान्यात वेल्डर. बायकामुलांसह इथेच स्थिरावला, मतदार यादीत नाव लागले. मला ‘बाबा’ म्हणे. मी त्याच्याशी कामापुरते बोले.

मध्यंतरी टीव्हीवर, मोबाइलवर परप्रांतीयांखेरीज विषय नव्हता. त्यातच गावातल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला गेल्या. चोर सापडला नाही. ग्रामसभेपुढे ठराव मात्र आला : परराज्यातील माणसाला खोली देऊ नये, राहत असतील त्यांनी महिनाअखेर ती रिकामी करावी.

आमच्याकडे ग्रामसेवक ठराव वाचू लागले की तो संपण्याआधीच समोरून ‘मंजूर, मंजूर’ होते. त्या दिवशीही झाले. मी उठलो आणि मते मोजून घ्या म्हणालो.

“आबा, भाडं बुडंल म्हून पोटात दुखतंय व्हय?” मागून एकाने विचारले. सभा हसली. विचारणाऱ्याच्या खोल्या माझ्याहून अधिक होत्या.

“दुखतंय. तुझं न्हाई दुखत?”

“आधी गाव, आबा. भाडं मागनं.”

सरपंचांनी हात वर करायला सांगितले. मतदार म्हणून माझा भाडेकरूही आला होता. दाराशी, चपलांजवळ बसला होता. मी मोजणी मागितली ती त्याचे मत धरले जावे म्हणून. त्याने दोन्ही बाजूंना पाहिले आणि ठरावाच्या बाजूने हात वर केला.

विरोधात मी एकटा.

बाहेर त्याला गाठले. “कशाला हात वर केलास, कळलं का?”

“समझा, बाबा. सबका हाथ ऊपर था. मैं अकेला नीचे रखता, तो दिख जाता.”

“मी होतो ना.”

“आप तो गाँव के हैं.”

नुसत्या आवाजावर ठराव संपला असता तर त्याला हात दाखवावा लागला नसता. नियमाने पाहता मोजणीच योग्य. तरी हा हिशेब माझ्याच्याने अद्याप जुळत नाही.

पुढे कोणीच खोल्या रिकाम्या करून घेतल्या नाहीत. मला टोमणा मारणाऱ्याने तर नवी ओळ बांधायला काढली. बोलायचे ते बोलून झाले होते. मी भाडेकरूला सांगितले, थांब, कोणी विचारणार नाही.

“आज नहीं पूछेंगे,” तो म्हणाला. “जिस दिन फिर चोरी होगी, उस दिन पूछेंगे. हाथ तो मेरा भी था.”

महिनाअखेर त्याने टेम्पो आणला. दौंडकडे ओळखीचा एक जण होता, तिकडे निघाला. शेजारच्या खोल्यांतले त्याचेच मुलूखवाले सामान चढवू लागले. ते राहणार होते. किल्ली त्याने माझ्या हातात दिली. मी ती घेतली आणि दार तपासायला आत गेलो. तपासण्यासारखे काही नव्हते. भिंती त्याने आदल्या दिवशी रंगवून ठेवल्या होत्या.