गुणाचा घास

मालूकाकू जपान फिरून आली, असं वर्तकनगरात अजून कौतुकाने सांगतात. कसलं डोंबलाचं फिरणं! एका साहेबांची वर्षभरासाठी तिकडे बदली झालेली, त्यांची दोन लहान पोरं सांभाळायला नेलेलं तिला. वागळे इस्टेटमधला काकांचा कारखाना बंद पडला होता, नाहीतर पोटच्या दीड वर्षाच्या गुणाला माझ्या आईच्या पदरात टाकून कोण जातंय? ही सत्त्याऐंशीची गोष्ट.

हिवाळ्यात साहेब बायकापोरांना उत्तरेकडचं होक्काइडो बेट दाखवायला घेऊन गेले. बाहेर कमरेएवढा बर्फ, आणि पोरं तिथलं काही तोंडात घेईनात. मग काकू गरम भातात घरून नेलेलं मेतकूट कालवून भरवायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, आणि हा ठाण्याच्या गुणाचा. गुणाच्या घासाला दोघंही पटकन आ करायची. साहेबांनी पुष्कळ फोटो काढले. काकूला विचाराल, तर तिला ते घास तेवढे आठवतात.

ती परत आली तेव्हा गुणा माझ्या आईच्या मांडीवर बसून जेवत होता. आई म्हणाली, "अगं मालू, ये. आता तूच भरव."

काकूने हात धुऊन भात कालवला. गुणाने चिऊचा घास खाल्ला, काऊचा खाल्ला.

"आणि हा आईचा," काकू म्हणाली.

गुणाने तो घास तिच्या हातातून काढून घेतला, मागे वळला आणि माझ्या आईच्या तोंडात घातला.